आपल्या रस्त्याचा प्रश्न महापालिकेपर्यंत कसा न्यायचा: पुण्यातल्या नव्या व्यापारी संघटनांसाठी

लक्ष्मी रस्त्याला मिळणाऱ्या एका रस्त्यावर माझं कापडाचं दुकान आहे. आमच्या रस्त्याची व्यापारी संघटना वडिलांच्या काळापासूनची. पण संघटना म्हणजे काय, तर गणपतीची वर्गणी, दिवाळीची रोषणाई आणि कोणी गेलं तर अर्धा दिवस बंद. सचिवपद माझ्याकडे आलं तेव्हा मलाही यापलीकडे काही ठाऊक नव्हतं.

मग एका सकाळी सुरतेहून आलेल्या गाठींचा टेम्पो चौकातच अडवला गेला. अवजड मालवाहू गाड्यांना दिवसा बंदी, तसा तात्पुरता आदेश निघालेला. लग्नसराईचे दिवस. हमालांनी गाठी डोक्यावर घेऊन चौकापासून दुकानापर्यंत खेपा केल्या, टेम्पोवाल्याला दंड झाला आणि दुपारी आम्ही चाळीस जण तावातावाने अधिकाऱ्यांसमोर उभे राहिलो. त्यांनी फाईल उघडून एकच प्रश्न विचारला, "मुदतीत तुमची एक तरी लेखी हरकत आली होती का?" नव्हती. जाहीर सूचना वर्तमानपत्रात येऊन गेली होती. चाळिसांपैकी एकानेही ती वाचलेली नव्हती.

त्यानंतरच्या काही वर्षांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. तुमची संघटना नवी असेल, किंवा जुनी असूनही आमच्यासारखी झोपलेली असेल, तर तुमचे हेलपाटे वाचावेत म्हणून.

१. आधी संघटना कागदावर आणा

नोंदणी नसली तरी पत्र देता येतं आणि हरकत तर कोणीही नागरिक एकट्याने घेऊ शकतो. तरीही नोंदणी करा. बैठकीला बोलावताना 'अधिकृत संघटना कोणती?' हा प्रश्न येतोच, आणि एका रस्त्यावर दोन गट असतील तर कागद ज्याच्याकडे त्याला खुर्ची मिळते.

सर्वसाधारणपणे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी होते. कमीत कमी सात सभासद लागतात. पुण्यातलं धर्मादाय कार्यालय ढोले पाटील रस्त्यावर आहे. जवळ ठेवायचे कागद असे:

- घटना (उद्देशपत्र) आणि नियमावली
- पहिल्या सभेचा ठराव, हजेरीच्या सह्यांसह
- कार्यकारिणीची यादी, प्रत्येकाचं आधार आणि पॅन
- संघटनेच्या पत्त्याचा पुरावा आणि जागामालकाचं ना हरकत पत्र
- नोंदणी झाल्यावर संघटनेच्या नावाचं पॅन आणि बँक खातं

उद्देश लिहिताना 'व्यापाऱ्यांचे हित' एवढ्यावर थांबू नका. 'परिसरातील नागरी सुविधा, वाहतूक, स्वच्छता व सुरक्षितता यांबाबत शासन व महापालिकेकडे पाठपुरावा करणे' असं स्पष्ट घाला. पुढे प्रत्येक पत्राला त्याचा आधार मिळतो.

इथला सगळ्यांत मोठा खड्डा म्हणजे बदल अर्ज. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात तो दाखल करायचा असतो. आमच्याकडे तीन कार्यकारिण्या होऊन गेल्या, अर्ज एकही नाही. कागदोपत्री अध्यक्ष कोण, तर वारून सहा वर्षं झालेले काका. ते निस्तरायला वर्ष गेलं आणि त्या वर्षात बँक खात्याला हात लावता आला नाही.

२. निर्णय कोणाच्या हातात आहे ते शोधा

निम्मी पत्रं चुकीच्या दारात पडतात. प्रश्न आपल्याला एक दिसतो, पण त्याची खाती निराळी असतात.

फुटपाथ उखडला, चेंबरचं झाकण खचलं, दिवा बंद आहे, कचरा उचलला जात नाही, हे क्षेत्रीय कार्यालयाचं काम. पुण्यात अशी १५ कार्यालयं आहेत. पेठांचा बराच भाग कसबा-विश्रामबागवाडा आणि भवानी पेठ या दोनमध्ये येतो. तिथले महापालिका सहायक आयुक्त आणि आपल्या भागाचे कनिष्ठ अभियंता ही दोन माणसं ओळखीची हवीत. कनिष्ठ अभियंत्यांना कमी लेखू नका. पाहणी तेच करतात, अहवाल तेच लिहितात आणि वर जाणारी टिपणी त्यांच्याच टेबलावर सुरू होते.

रस्त्याची नवी रचना, काँक्रिटीकरण हे पथ विभागाचं. जाहिरात फलक आकाशचिन्ह व परवाना विभागाचे. एकेरी वाहतूक, पी-१ पी-२ (सम-विषम तारखांना एकेका बाजूचं पार्किंग), नो पार्किंग, मालगाड्यांच्या वेळा हे मात्र पोलिसांच्या वाहतूक शाखेचं. तिथले आदेश १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली निघतात. महापालिका पाट्या लावते, पण आदेश तिचा नसतो. आमच्या भागात याच एका गैरसमजापायी महापालिकेच्या नावाने भरपूर शाई वाया गेली आहे.

काही गोष्टी तर शहराच्या हातातच नसतात. १ एप्रिल २०१३ ला पुण्यात जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तेव्हा व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, मोर्चे काढले. तो राज्य सरकारचा निर्णय होता आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीवरचा एलबीटी गेला तोही राज्याच्याच निर्णयाने. असे विषय एका रस्त्याच्या संघटनेने उचलून झेपत नाहीत. त्यासाठी पुणे व्यापारी महासंघ आहे, भुसार बाजाराचं पूना मर्चंट्स चेंबर आहे, उद्योगांसाठी १९३४ पासून मराठा चेंबर आहे. अशा शिखर संस्थेशी जोडलेले राहा, पण आपल्या गटाराचं झाकण घेऊन त्यांच्याकडे जाऊ नका.

नगरसेवकांबद्दल: १५ मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं पुण्यात प्रशासक होते, त्या काळात सगळं आयुक्तांच्या टेबलावर जायचं. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर १६५ नगरसेवक आले. एका प्रभागात साधारण चार, त्यामुळे पत्राची प्रत चौघांनाही द्या, पक्ष कोणताही असो. एकालाच दिली की उरलेल्या तिघांच्या लेखी तुम्ही त्या एकाचे झालात.

३. जाहीर सूचना वाचायला एक माणूस नेमा

आमची सगळी रड इथेच होती, म्हणून हे जरा सविस्तर.

आता आमच्याकडे हे काम एका सभासदाच्या सुनेकडे आहे. ती रोज सकाळी दोन मराठी वर्तमानपत्रांतल्या जाहीर सूचना, जाहीर प्रकटनं आणि महापालिकेच्या संकेतस्थळावरच्या सूचना बघते, आपल्या हद्दीचं काही दिसलं की फोटो काढून गटावर टाकते. दहा मिनिटांचं काम आहे. पदावर नसलेल्या माणसाने आजवर संघटनेसाठी केलेलं सगळ्यांत मोलाचं काम माझ्या मते हेच.

कशावर डोळा ठेवायचा?

वाहतूक शाखेचे तात्पुरते आदेश. यात ठरावीक तारखेपर्यंत लेखी हरकती-सूचना मागवलेल्या असतात, त्या पोलीस उपायुक्त, वाहतूक नियंत्रण शाखा, येरवडा टपाल कार्यालयाजवळ, या पत्त्यावर द्यायच्या असतात. मुदत थोडी असते. त्या विचारात घेऊन मग अंतिम आदेश निघतो. म्हणजे बोलायची खरी जागा तात्पुरता आणि अंतिम यांच्या मधली.

विकास आराखड्यातले बदल. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली जागेवरचं आरक्षण किंवा रस्त्याची आखणी बदलायची असेल तर सूचना काढून एक महिन्याची मुदत द्यावी लागते. आख्खा प्रारूप आराखडा जाहीर होतो तेव्हा हरकतींची सुनावणी नियोजन समितीपुढे असते. स्वतः हजर राहा. पत्र देऊन घरी बसलेल्यांची हरकत तिथे फक्त नावापुरती वाचली जाते.

रस्तारेषा. पेठांतल्या दुकानदारांनी महापालिका अधिनियमाचं कलम २१० पाठच करावं. रस्ता रुंद करण्यासाठी नवी रस्तारेषा आखली की उद्या तुमचं बांधकाम पाडून नवं करताना ती तुमच्या दर्शनी भागातून जाते. २०२० मध्ये शहरातले सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव याच कलमाखाली आला होता. अशा प्रस्तावाची जाहीर सूचना निर्णयाच्या सभेच्या किमान महिनाभर आधी द्यावी लागते आणि लेखी हरकती नगरसचिवांच्या कार्यालयात द्यायच्या असतात. सभेच्या दिवशी सकाळी गेलात तर उशीर झालेला असतो.

४. बोलण्याआधी मोजा

त्या टेम्पोच्या प्रकरणात मुदत गेली होती, पण अंतिम आदेश अजून निघायचा होता. अधिकारी भले होते. म्हणाले, "उशिरा का होईना, लेखी द्या. पण 'धंदा बुडाला' असं लिहू नका, सगळे तेच लिहितात. काही आकडे असले तर आणा."

म्हणून आम्ही मोजायला बसलो. बुधवार, शनिवार आणि रविवार, सकाळी ११ ते १ आणि संध्याकाळी ६ ते ८. रस्त्याच्या दोन्ही टोकांना सभासदांची कॉलेजातली मुलं, हातात पाठकोरे कागद आणि त्यावर रकाने: चालत, दुचाकी, चारचाकी, रिक्षा, सायकल. दुकानांत गल्ल्यावर दुसरा कागद, गिऱ्हाइकाला एकच प्रश्न, "आज कसे आलात?" आणि तिसरा कागद उभ्या गाड्यांचा. दर तासाला एक मुलगा रस्ताभर फिरून नंबर टिपायचा.

पहिल्या दोन कागदांनी आम्हाला बुचकळ्यात पाडलं. आम्ही शपथेवर सांगितलं असतं की आपलं गिऱ्हाईक गाडीने येतं, दारात जागा नसली की निघून जातं. प्रत्यक्षात चालत, रिक्षाने, बसने आलेली माणसं आमच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाली. मंडईचं मेट्रो स्टेशन सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून त्यात आणखी भर पडली आहे.

तिसऱ्या कागदाने मात्र मान खाली घालायला लावलं. सकाळी अकराला टिपलेले नंबर रात्री आठलाही तिथेच होते. यादी घेऊन बसलो आणि एकेक नंबर ओळखीचा निघू लागला. ही पांढरी आमच्या खजिनदारांची, ही समोरच्या शेठजींच्या मुलाची, ही माझ्या दुकानातल्या मॅनेजरची. ज्या जागेसाठी आम्ही गिऱ्हाइकाच्या नावाने भांडत होतो, ती दिवसभर आमच्याच गाड्यांनी अडवलेली होती.

त्या रात्रीच्या बैठकीत आवाज चढले. शेवटी ठराव झाला: मालक आणि नोकरांच्या गाड्या रस्त्यावर लावायच्या नाहीत, मंडईजवळच्या महापालिकेच्या वाहनतळात पास काढायचे. सगळ्यांनी नाही पाळला, आजही दोघं पाळत नाहीत. पण आमची मागणीच त्याने बदलली. 'बंदी उठवा' याऐवजी आम्ही लिहिलं: सकाळी अमुक ते अमुक आणि रात्री दुकानं बंद झाल्यावर माल उतरवण्याला परवानगी द्या, उरलेल्या वेळेची बंदी आम्हाला मान्य आहे, आमच्या गाड्या आम्ही हलवल्या आहेत, सोबत तीन दिवसांची नोंद. सकाळची वेळ मिळाली. रात्रीची मिळाली नाही, कारण वर राहणाऱ्यांची आवाजाची तक्रार होती, आणि ती खरी होती.

मोजणीला काय लागतं? पाठकोरे कागद, सहा-सात मुलं, त्यांना चहा-वडापाव आणि शेवटी एक वही, जिच्यात तारीख, वेळ, हवामान (पावसाचा दिवस धरू नका) आणि मोजणाऱ्याची सही. मूळ कागद फेकू नका. शंका आली तर तेच दाखवायचे असतात.

५. पत्र: एक पान, एक विषय, एक मागणी

'विविध समस्यांबाबत' असा विषय लिहिलेलं पत्र कोणत्याच विभागाचं नसतं. कचरा, पार्किंग आणि भटकी कुत्री एकाच पत्रात घातली की ते तीन टेबलं फिरतं आणि तिन्ही टेबलं म्हणतात, हे दुसऱ्याचं.

विषयाच्या ओळीत जागा नेमकी लिहा, अमुक चौक ते तमुक चौक, कोणत्या बाजूचा फुटपाथ. पहिल्या परिच्छेदात अडचण, दुसऱ्यात नोंदी, तिसऱ्यात मागणी. सोबत तारखेचे फोटो आणि हाताने काढलेला का होईना, नकाशा. कार्यकारिणीच्या ठरावाचा क्रमांक घाला. आणि शक्य असेल तिथे वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या सोसायट्यांच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या सह्या घ्या. नुसत्या दुकानदारांच्या सह्या असल्या की समोरचा मनात म्हणतो, धंद्यासाठी आलेत. ते मनातलं मत पुसायला रहिवाशांच्या दहा सह्या पुरतात.

आवक विभागात दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. साहेबांच्या हातात दिलेलं पत्र कागदावर दिलेलं धरलं जात नाही.

लोकशाही दिनाचा, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडायच्या दिवसाचा, एक सापळा सांगून ठेवतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो असतो, पण तिथे वैयक्तिक तक्रारी घेतात, आणि त्याही विहित नमुन्यात, १५ दिवस आधी. संस्थेच्या लेटरहेडवरचा अर्ज परत येतो. आमचा आला होता.

६. पाठपुरावा

पत्रानंतर पंधरा दिवसांनी आवक क्रमांक घेऊन जा आणि 'फाईल सध्या कोणाकडे आहे' एवढंच विचारा.

उत्तर मिळेना तर माहिती अधिकाराच्या आधी दुसरी वाट आहे. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत महापालिकेतल्या फायली नागरिकांना पाहता येतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यभर तसा शासन निर्णय निघाला. पेठांतल्या पुष्कळ दुकानांची सुट्टी सोमवारचीच, तेव्हा सबब सांगायला जागा नाही. पहिल्यांदा मी गेलो तेव्हा आमच्या पत्रावर कनिष्ठ अभियंत्यांनी आधीच अनुकूल शेरा मारलेला दिसला, फाईल फक्त अंदाजपत्रकात तरतूद नाही म्हणून पडून होती. आम्ही उगाच त्या बिचाऱ्यांवर डाफरत होतो.

तरीही अडलं तर २००५ च्या कायद्याखाली माहितीचा अर्ज. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक विषय, १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. 'का केलं नाही' असं विचारू नका, कारण ती माहिती नव्हे. 'अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावरील टिपणी व शेऱ्यांच्या प्रती द्याव्यात' असं मागा.

तुमचा विषय एखाद्या समितीत किंवा मुख्य सभेत गेला तर तीन शब्द ओळखून ठेवा. 'मान्य' सगळ्यांना कळतं. 'तहकूब' म्हणजे पुढे ढकलला, अजून जीव आहे. 'दप्तरी दाखल' म्हणजे संपला, नव्याने सुरुवात करा.

७. पथारीवाल्यांशी आधी बोला

बहुतेक संघटनांचं पहिलं पत्र 'अतिक्रमणं हटवा' हेच असतं. मला त्याबद्दल ठाम मत आहे: ते पहिलं पत्र असूच नये.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याला संरक्षण दिलं आहे, त्याला हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते. आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात. त्याच समितीत व्यापारी संघटनांच्या प्रतिनिधित्वाचीही तरतूद आहे, हे फार थोड्या संघटनांना माहीत आहे. आपल्या शिखर संस्थेतून तिथे कोण बसतं ते विचारा.

आणि अतिक्रमणाची गाडी मागवण्याआधी स्वतःची पायरी बघा. फ्रंट मार्जिनमध्ये (दुकानासमोर मोकळी सोडायच्या जागेत) टाकलेलं शेड, फुटपाथवर आलेले पुतळे, बाहेर टांगलेले हँगर. आमच्या पत्रावर कारवाई झाली त्या दिवशी हातगाड्या दोन उचलल्या आणि दुकानांबाहेरचं सामान टेम्पोभर. पुढच्याच आठवड्यात आम्ही कोपऱ्यावरच्या गजरेवाल्या मावशींसह सगळ्या विक्रेत्यांना बोलावलं, चुन्याने रेघ मारली: ही आमची हद्द, ही तुमची, मधली चालणाऱ्यांची. पावसाने रेघ जाते, आम्ही पुन्हा मारतो.

८. पैशाची तरतूद वेळेत मागा

फाईल 'तरतूद नाही' म्हणून थांबते, म्हणून कॅलेंडर लक्षात ठेवा. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. नागरिकांकडून छोट्या कामांच्या सूचना मागवण्याची पद्धत पुण्यात २००६ पासून आहे, अर्ज साधारण पावसाळ्याच्या अखेरीस क्षेत्रीय कार्यालयात घेतात. बाक, दिवे, फुटपाथची डागडुजी, दिशादर्शक पाट्या यांसाठी ही वाट चांगली. मोठ्या कामांसाठी आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीकडे जाण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या आसपासच विभागाकडे मागणी पोचलेली हवी. नेमका तोच आपला धंद्याचा काळ. म्हणून आम्ही पत्रं गणपतीआधीच तयार करून ठेवतो. मार्चमध्ये गेलात तर वर्गीकरणाच्या मागे धावावं लागतं, म्हणजे दुसऱ्या कामाचा निधी इकडे वळवणं, आणि त्यात नाराजी ओढवते.

९. बंद कधी

नऊ वर्षांत आम्ही शटर एकदाच खाली ओढलं आणि आज विचाराल तर तेही टाळता आलं असतं. बंदच्या दिवशी रोजंदारीवरच्या हमालाचं घर अडतं. लेखी मार्ग संपले असतील, शिखर संस्था सोबत असेल आणि मागणी एका वाक्यात सांगता येत असेल, तरच विचार करा. निवडणुकीच्या तोंडावर कोणी येऊन 'बंद पुकारा, आम्ही पाठीशी आहोत' म्हणालं तर आधी कार्यकारिणीची सभा घ्या आणि इतिवृत्त लिहा.

१०. फाईल पुढच्याच्या हातात द्या

वर्षानुसार बॉक्स फाईल, पहिल्या पानावर पत्रांची यादी: तारीख, आवक क्रमांक, विभाग, काय झालं. सोबत मोजणीची वही, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, शेवटच्या बदल अर्जाची पोच. आमची फाईल पूर्वी सचिवाच्या घरी असायची आणि सचिव बदलला की माळ्यावर जायची. आता ती खजिनदारांच्या दुकानात, गल्ल्यामागच्या कपाटात असते. चाव्या तिघांकडे आहेत, आणि त्यातली एक पुढच्या सचिवाकडे आत्ताच दिलेली आहे.